काकांचं वेब्ली आणि बफिंगचं चाक

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली.

तुमचं म्हणणं असं: ‘जुन्या रिव्हॉल्व्हरला बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी, करू नका, भाव पडतो’ हे माझं अमेरिकन शास्त्र नागपुरात चालत नाही. काकांचं बत्तीस बोअरचं वेब्ली, म्हणजे जुनं विलायती रिव्हॉल्व्हर, तुम्ही घासून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा रंग) करून घेतलं, ते आरशासारखं झालं, तरी डीलर भाव पाडून मागतो. म्हणजे तोच लुटतोय.

आधी माझी चूक. तिकडची मोजपट्टी मी जशीच्या तशी उचलली. जुन्या हत्याराचा मूळ रंग 80 टक्क्यांच्या वर शिल्लक असेल तर ‘एक्सलंट’, 30 च्या वर असेल तर ‘फाइन’, ही त्यांची भाषा. ते लोक कपाटं भरून नग ठेवतात. आपल्याकडे शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं. .38 आणि .455 तर प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर मिळतच नाहीत. तेव्हा इथलं गिऱ्हाईक संग्राहक नसतं, त्याला चालती वस्तू हवी, हे मान्य.

पण मग तो कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं नवंकोरं सोडून काकांचं जुनं काऊन घेईल? ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकाला आयात बंद झाली. तेव्हा देशात जेवढा विलायती माल होता तोच हातोहात फिरतोय. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बर्मिंगहॅमसाठी, म्हणजे वेब्लीच्या इंग्लंडातल्या मूळ गावासाठी. आणि बर्मिंगहॅम असतं कुठं? नळीवरच्या अक्षरांत, मुकुटाच्या खाली बीपी, बीव्ही, एनपी असे जे प्रूफचे, म्हणजे नळीची चाचणी झाल्याचे, बारीक शिक्के असतात त्यांत. वेब्ली हे नाव आता हरदोईत बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरवरही असतं, म्हणून नुसत्या नावानं भागत नाही. बफिंगचं चाक नेमके हे शिक्केच खातं.

तुमचाच दुसरा फोटो मोठा करून बघा. अक्षरांच्या कडा पसरल्यात, चार आंघोळींनंतर साबणावरचं नाव दिसतं तशा. स्क्रूभोवती बशीसारखा खळगा पडलाय. फ्रेमची धार गोल झालीय. आणि चकाकीखाली गंजाचे जुने खड्डे तसेच आहेत, फक्त काळेभोर. डीलरनं हे दारातच पाहिलं असणार.

हत्यारावरचा नंबर पुसट झाला असेल तर गोष्ट भावापुरती राहत नाही. ओळखखुणा घासून काढायला शस्त्र कायद्याच्या कलम 8 नं मनाई आहे. आज भिंग घेऊन तो वाचा, परवान्याशी ताडून बघा.

एक मात्र खरं, चाल कशी तपासायची ते मी लिहायला हवं होतं. आधी स्वतः उघडून रिकामं आहे ना ते बघायचं, दुसऱ्यानं सांगितलं तरी. मग घोडा सावकाश चढवायचा. तो पुरता चढेपर्यंत सिलिंडर जागेवर बसून अडकलं पाहिजे, सहाही घरांवर. वेब्ली उघडताना बिजागरीवर मधून दुमडतं, म्हणून बिजागरी आणि वरची खिटी हलवून बघायची. तिथे खुळखुळ असेल तर रंग कितीही असो, मी हात जोडतो.

तसं मलाही बोलायला तोंड नाही. आजोबांचं रिव्हॉल्व्हर मी दोन उन्हाळे चामड्याच्या होल्स्टरमध्ये, कूलरच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. वाळ्याच्या वासासोबत ओलही आत जाते, हे जूनमध्ये कळलं. शिवण टेकत होती तिथे गंजाची बारीक रांग उमटली, टाका न् टाका मोजता येईल अशी. घासली नाही. तेल लावून तशीच ठेवलीय.

डीलर लुटतोय का, ते त्यानं सांगितलेला आकडा न कळता कसं सांगू? दुसऱ्याला दाखवा. काकांची जुनी पावती, घासण्याआधीचा एखादा फोटो असेल तर सोबत न्या. परस्पर विकणार असाल तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं.

आणि तोवर ते होल्स्टरमधून बाहेर काढा. तुमच्या फोटोत मागं कूलर दिसतोय.