खुलासा: गणितात एमएस्सी करताना अर्थशास्त्राचे कोर्स

‘एमएस्सी गणिताच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राचे कोर्स घ्यायचे तर आधी त्यात बीए हवं,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून घेऊ देऊ शकतं. मात्र नोंदणीआधी विभागाची लेखी मंजुरी घ्या. नंतर मागितलेले क्रेडिट अनेकदा अडकतात. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही गणिताचे पदवीधर अर्ज करू शकतात.

सुरुवात पदव्युत्तर मायक्रोइकॉनॉमिक्सने (सूक्ष्म अर्थशास्त्राने) करा. बहिर्वक्र संच, कुन-टकर अटी, काकुतानीचं स्थिरबिंदू प्रमेय हे सगळं गणित तिथे लागतं, आणि ॲरो-डेब्र्यू या अर्थतज्ज्ञांचा १९५४चा बाजारातल्या समतोलाचा सिद्धांत वाचताना गणिताचा विद्यार्थी खरोखर रमतो. अडचण अर्थ लावताना येते: लाग्रांज गुणक काढता येतो, पण तो उत्पन्नाची सीमांत उपयोगिता (उत्पन्न थोडं वाढलं तर समाधान किती वाढतं) आहे हे सुटतं आणि गुण जातात. इकॉनोमेट्रिक्सला, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याच्या विषयाला, तर नुसती मेझर थिअरी (मापसिद्धांत) पुरत नाही. रिग्रेशन (एक राशी दुसरीबरोबर कशी बदलते याचा आकडेवारीवरून अंदाज) आधी हाताने करून पाहा, कारण सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक प्रमेयांतून उमगत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. प्रवेशाच्या तोंडावर मुलं तो वाचून अर्जच करत नाहीत.