वडील आले की घर येतं? त्या 93 टक्क्यांबद्दल

फादर्स डे जवळ आला की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. घरात आधी मुलाने ख्रिस्त स्वीकारला तर बाकीचं घर त्याच्या मागे येण्याची शक्यता 3.5 टक्के, आईने स्वीकारला तर 17 टक्के, वडिलांनी स्वीकारला तर 93 टक्के. खाली सल्ला: मंडळीने पुरुषांवरच भर द्यावा, बायका-मुलं आपोआप येतील.

पुरुष मंडळीत यावेत असं मलाही मनापासून वाटतं, म्हणूनच हा मेसेज मला सलतो.

हे कुणी मोजलं, कुठल्या देशात, कुठल्या वर्षी, किती घरांत? यातलं काहीच त्यात नसतं. अर्ध्या टक्क्यापर्यंत हिशेब केला असेल, तर हिशेब करणाऱ्याचं नाव सांगता आलं पाहिजे.

आता ते ‘आपोआप’. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला सगळ्यात जवळचं घर टिळकांचं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. मुलाला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं लगेच सुटलं नाही. जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःला पटलं तेव्हाच ते सोडलं, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. मोजणारा हे घर त्या 93 मध्येच धरेल. पण लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षं त्या आकड्यात कुठेच दिसणार नाहीत. ज्या बाईने स्वतः झगडून विश्वास मिळवला, तिला ‘मागून आलेली’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शास्त्राचा आधार हवा असेल तर बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 16 उघडा. सुरुवातीलाच प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य भेटतो: आई ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी यहुदी, वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल पुढे त्याला लिहितो. मग फिलिप्पै गावात जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया आपल्या घराण्यासह बाप्तिस्मा घेते. त्याच गावात, त्याच अध्यायात, तुरुंगाचा नायकही सहकुटुंब घेतो. देवाने तिथे बाईच्या दारातून आणि पुरुषाच्या दारातून घरं गाठली.

काही जण स्वित्झर्लंडच्या 1994 च्या पाहणीचा दाखला देतात. ती पाहणी खरी आहे, आणि वडिलांनी ती वाचावी असं मला वाटतं. आई नियमित चर्चला जाणारी आणि वडील अजिबात न जाणारे, अशा घरांतली जेमतेम 2 टक्के मुलं मोठेपणी नियमित राहिली. पण आणखी 37 टक्के मधूनमधून येत होती, हे सांगायचं राहून जातं. दोघंही नियमित असतील तर नियमित मुलं 33 टक्के, आणि फक्त वडील नियमित असतील तर 44. मग आईने घरी बसावं असं म्हणायचं का? शिवाय तिथे प्रश्न होता ख्रिस्ती घरातली मुलं टिकतात का, हा. सबंध घर ख्रिस्ताकडे कसं येतं हे तिने मोजलेलंच नव्हतं.

राहिलं मंडळीतलं पुरुषांचं नेतृत्व. पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुकीला आमच्याकडे पुरुषांनी बाकं भरतात. संडे स्कूलला शिक्षक हवेत अशी घोषणा झाली की हात वर होतात ते बायकांचे. पुरुषांवर भर द्यायचाच तर तो इथे द्या. आमच्या मंडळीतले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर गेली काही वर्षं सगळ्यात लहान मुलांचा वर्ग घेतात. गुडघे वाकत नाहीत, म्हणून सतरंजीच्या कडेला स्टूल टाकून बसतात आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एकेक शब्द तोडून म्हणवून घेतात. एखादा अडखळला की त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. त्या पोरांपैकी निम्म्यांचे वडील गेटवर गाडी थांबवून त्यांना सोडतात आणि तिथूनच परत जातात.