एक स्टड तुटला, चार का बदलले: गॅरेज मालकाचं उत्तर

साहेब, नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला. तुमची जुनी हेराल्ड गाडी ठरल्यापेक्षा जास्त दिवस आमच्याकडे अडकली आणि घरच्यांना रिक्षानं फिरावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. पण "एकच स्टड (चाकाचा नट ज्यावर आवळतात तो आट्यांचा दांडा) तुटला होता, चारचे पैसे उकळले, वर नव्यानं रंगवलेल्या रिमचा रंग खरवडून ठेवला, तरी चोर्ला घाटात चाक खडखडलंच" असं चारचौघांत लिहिलंत, ते मनाला फार लागलं. उद्यमबागेतल्या या गॅरेजवर आमची आणि पोरांची घरं चालतात. असं काही वाचलं की गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे वळतं, म्हणून खुलासाही इथंच करतो.

आधी पैशाचं. स्टड १८० रुपयांचा, चारचे ७२०. बिलातली बाकी सगळी मजुरी आहे. हेराल्डच्या मागच्या चाकाचा स्टड बदलायचा तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बाहेर काढावा लागतो. तो हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी (लोखंडी पाचर) घालून नटानं आवळलेला असतो आणि इतक्या वर्षांत तिथं घट्ट धरून बसतो. हातोडी मारली की शाफ्टचे आटे चेपतात, नाहीतर हबची फ्लँज, म्हणजे स्टड बसतात ती चकती, वाकते. हब ओढून काढायचं जाड अवजार, पुलर, लावायचं, ताण द्यायचा, सुटेपर्यंत थांबायचं, दुसरा मार्ग नाही. मग जुने स्टड प्रेसवर काढायचे आणि नवे मागून, डोकं फ्लँजला पूर्ण टेकेपर्यंत दाबून बसवायचे. डोकं जरा जरी वर राहिलं तर चार दिवसांनी ते आत सरकतं आणि नट आपोआप सैल पडतो. हब काढायची आणि बसवायची मजुरी एका स्टडला जेवढी, तेवढीच चारला. म्हणजे उरलेल्या तिघांचे तुम्ही ५४० रुपये जास्त दिलेत. ते वाचवून पुढं दुसरा स्टड तुटला असता, तर हब काढायची सगळी मजुरी पुन्हा पडली असती.

आणि दुसरा तुटलाच असता, हे आम्ही अंदाजानं बोलत नाही. तुटलेला तुकडा पिशवीत घालून तुमच्या नावानं ठेवलाय, येऊन बघा. त्याच्या तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत आणि तपकिरी आहे, एका काठापासून निघालेल्या अर्धगोल रेषा त्यावर दिसतात. उरलेला छोटा भाग चकचकीत, दाणेदार आहे. चकचकीत भाग शेवटी एकदम तुटला. तपकिरी भागात चीर आधीपासून होती, तिच्यात ओल शिरून गंजही धरला होता. उरलेल्या तीन स्टडवर नवा नट हातानं फिरवून बघितला, दोघांवर तो मधेच अडकला. इंचाला २४ आट्यांचं मापाचं गेज लावून उजेडात धरलं तर आट्यांच्या मधून उजेड दिसत होता. म्हणजे स्टड ताणले गेले होते. ताणलेला स्टड परत पहिल्यासारखा होत नाही की, साहेब. असे दोन स्टड गाडीत ठेवून बिल कमी करणं आम्हाला जमत नाही.

ते ताणले कसे, तेही सांगतो. हेराल्डचा स्टड ३/८ इंचाचा, साडेनऊ मिलिमीटरच. हल्लीच्या गाड्यांच्या १२ मिलिमीटर स्टडमध्ये पोलाद याच्या दीडपटीहून जास्त असतं. याला ४० ते ४५ फूट-पौंड टॉर्क (आवळायचा पीळ) पुरतो, म्हणजे साधारण ५५ ते ६० न्यूटन-मीटर. पान्याला पाईप लावून उभं राहिलं, किंवा मोठ्या गाडीच्या हिशोबानं एअर गन मारली, की तो मर्यादा ओलांडतो. आट्यांना ऑइल लावलं तर त्याच टॉर्कला ताण आणखी वाढतो, म्हणून आम्ही आटे ब्रशनं साफ करून कोरडेच ठेवतो.

आता रंगाचं. गाडीचं वजन स्टडनं पेलायचं नसतं. स्टडनं ताणून रिम मागच्या ब्रेकच्या ड्रमवर दाबून धरायची, वजन त्या दाबाच्या घर्षणावर जातं. दाब कमी झाला की रिम केसभर सरकते आणि स्टड दर फेरीला वाकतो, मागंपुढं वाकवून तोडायच्या तारेसारखा. किलोमीटरला पाचशेहून जास्त फेऱ्या होतात, हिशोब तुम्हीच करा. आणि आवळलेला स्टड लांबतो तरी किती? मिलिमीटरचे काही शतांश. तुमच्या रिमवर नट बसतो त्या निमुळत्या खोबणीत आणि मागं ड्रमला टेकते त्या कड्यावर रंगाचे हात त्याहून जाड होते. ब्रेक तापले की तो रंग मऊ होऊन दबतो, तेवढ्यानंच स्टडचा ताण निघून जातो आणि नट सैल पडतो. म्हणून त्या दोनच जागांचा रंग काढला आणि ड्रमचा गंज घासला. दर्शनी बाजूला ब्लेडही लावलं नाही, नटाभोवती बारीक कडं दिसतंय तेवढंच. तुम्ही हौसेनं रंगवलेली गाडी विद्रूप करण्यात आम्हाला काय मिळणार?

चोर्ल्याचं मात्र फार वाईट वाटलं. तुम्हीच लिहिलंय की वाटेत पंक्चर झालं, स्टेपनी चढवली, आणि दुसऱ्या दिवशी चाक खडखडलं. आम्ही टॉर्क पान्यानं, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्यानं, बसवलेलं चाक तिथं उतरवलं गेलं. स्टेपनी आमच्याकडे आणलीच नव्हती, तिलाही तोच जाड रंग असणार. नट कुणी आणि कशानं आवळले ते आम्हाला माहीत नाही, कुणावर बोट ठेवत नाही. पण ८० किलोमीटरनंतर नट फुकट तपासून घ्या म्हणून बिलावर लिहिलं होतं, तोंडीही सांगितलं होतं. त्याला तुम्ही "पुन्हा बोलवायचा धंदा" म्हणालात. त्याचा एक रुपयाही आम्ही घेत नाही.

यापुढं जास्तीचं काम निघालं तर आधी फोन करून विचारत जाऊ, वेळेचंही बघतो काहीतरी.

सध्या गाडी घाटात नेऊ नका. शक्य असेल तर हलवूच नका. कुठला नट जागेवर फिरतोय किंवा त्याच्या कडेनं तांबूस ओघळ आलाय का, तेवढं बघा. सैल सापडला तर नुसता आवळून चालू नका. चाक उतरवून रिमची भोकं लांबट झालीत का ते तपासावं लागतं. झाली असतील तर ती रिम बाद. खोबणीतला रंग काढून, चाक वर असताना चारही नट समोरासमोरचे आळीपाळीनं बसवायचे आणि जमिनीवर टेकवून टॉर्क द्यायचा. हे तुमच्या दारात येऊन करून देतो, टॉर्क पाना आम्हीच आणतो. बिलावरच्या नंबरला फोन करा, रविवारीही चालेल.