साहेब गेला म्हणून हिंजवडीतल्या पोराला राजीनामा द्यायला लावू नका

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: 'टेक कंपनीतला बडा अधिकारी अचानक गेला म्हणजे त्याला हाकललेलं असतं. सांगितलेलं कारण ही थाप. आतल्या माणसाला कंपनी बुडणार हे आधी कळतं. शेअर विका, पोरांना दुसरी नोकरी बघायला सांगा.' जुळे सोलापूर असो की होटगी रोड, ज्यांची पोरं पुण्यात आयटीत आहेत त्यांची झोप उडवायला एवढं पुरतं.

'हाकललेलं असतं.' असतंही कधी कधी. सप्टेंबर २०१२ मध्ये नकाशांच्या ॲपमधल्या गोंधळाबद्दल ॲपलच्या टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली आणि महिन्याभराने आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फॉरस्टॉल कंपनी सोडणार असल्याचं जाहीर झालं. ते आपखुशीने गेले असं मानणारे विरळाच. पण म्हणून प्रत्येक जाणारा फॉरस्टॉल ठरत नाही.

'अचानक' हा शब्द तर बातमी वाचणाऱ्याचा. या लोकांचे शेअर टप्प्याटप्प्याने, बहुधा चार वर्षांत, नावावर होतात. बोनसची तारीख असते, नोटीस पीरियड असतो. जायचं ठरतं एकदा, जाहीर होतं भलत्याच वेळी. फॉरवर्डवाले मात्र त्या तारखेतच कट शोधतात.

'कारण ही थाप.' इन्फोसिसचे तेव्हाचे सीईओ विशाल सिक्का यांनी १८ ऑगस्ट २०१७ रोजी राजीनामा दिला, तेव्हा सततच्या आरोपांनी काम करणं अशक्य झाल्याचं पत्रात उघड लिहिलं. संचालक मंडळाने तर थेट संस्थापक नारायण मूर्तींकडे बोट दाखवलं. यात लपवलं काय? आणि आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती केल्यापासून, जिचे शेअर बाजारात विकले जातात अशा कंपनीला वरिष्ठ अधिकाऱ्याचं राजीनामापत्र, सविस्तर कारणांसह, राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत शेअर बाजाराला द्यावं लागतं. त्यातही 'वैयक्तिक कारणास्तव' एवढंच लिहून मोकळे होणारे असतात, हे मान्य. तरी फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी ते पत्र तरी वाचा. बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतं.

आता 'कंपनी बुडणार'. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या तंत्रज्ञानप्रमुख मीरा मुराती २५ सप्टेंबर २०२४ रोजी बाहेर पडल्या. त्याच दिवशी संशोधनातले आणखी दोन वरिष्ठही निघाले. आठवड्याभरात, २ ऑक्टोबरला, त्याच कंपनीने ६.६ अब्ज डॉलर उभे केले. स्वतःचं काही शोधायला वेळ हवा, असं मुराती म्हणाल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी जाहीर केली. कारण मोघम होतं, खोटं नव्हतं.

इन्फोसिसचा शेअर सिक्का गेले त्या दिवशी जवळपास दहा टक्के पडला, हे फॉरवर्डच्या बाजूने धरा. पण २०१७-१८ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलर असलेला तिचा महसूल २०२४-२५ मध्ये १९ अब्जांवर गेला होता. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्यांनी काय कमावलं ते त्यांनाच विचारा.

राहिला पोरांच्या नोकरीचा सल्ला. दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्या मुलाची नोकरी बहुतेक वेळा त्याचा प्रोजेक्ट, क्लायंटचं बजेट आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, किती दिवस काढले यावर टिकते. फोन करायचाच असेल तर 'तुझा प्रोजेक्ट कधीपर्यंत आहे रे?' एवढं विचारा. वरच्या साहेबाला तो भेटलेलाही नसेल.