आजचा संत आणि मी

1 जानेवारीला देवळातून, म्हणजे चर्चमधून, घरी येताना मी आईला सहज बोलून गेलो की यंदा अख्खं बायबल वाचून काढणार, रोज थोडं थोडं. झालं. दुपारच्या जेवणापर्यंत वसईतल्या तिन्ही मावश्यांना खबर पोचली होती, म्हणजे आता माघार नाही.

73 पुस्तकं आहेत हो त्यात. उत्पत्ती, निर्गम सुसाट गेली, स्टोरी आहे. पण लेवीय या तिसऱ्या पुस्तकाला गाडी जी अडकली ती फेब्रुवारीत संपायची तर जुलै आला तरी मी तिथेच. त्यात चौदाव्या अध्यायात लिहिलंय की घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग पडले तर याजकाला दाखवा, तो घर 7 दिवस बंद ठेवेल, आणि मी मान वर केली तर समोर आमची पावसाळ्यातली भिंत. आईला म्हटलं, फादरना बोलवू का? म्हणाली, पेंटरला बोलव, तीन वर्षं सांगतेय.

तरी बायबल परवडलं, संत नाही परवडत. आईकडे रोजचा एक संत असतो आणि तो माझ्याविरुद्ध साक्ष द्यायलाच आलेला असतो. फेब्रुवारीत गोन्सालो गार्सिया, आमच्याच वसईचा, जपानला गेला, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण पत्करलं, 1862 मध्ये संत झाला. "तो इथून जपानला गेला, आणि तुला सकाळच्या मिस्साला पाच मिनिटांवर जाता येत नाही!" यावर काय बोलणार? 13 जूनला अंतोनी, हरवलेल्या वस्तू शोधून देणारा. त्याच्याकडे आई चष्मा मागते, तो डोक्यावरच असतो, आणि मी सांगितलं तरी क्रेडिट अंतोनीला. 27 ऑगस्टला मोनिका, मुलगा सुधारावा म्हणून वर्षानुवर्षं रडलेली. त्या दिवशी आई काहीच बोलत नाही, नुसती बघते. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाचा, ऑगस्टिनचा सण, म्हणजे तो सुधारला. परत बघते.

मला आवडणारा एकच, 18 सप्टेंबरचा कुपर्तिनोचा जोसेफ. अभ्यासात ढ, पण परीक्षेत नेमकं येत होतं तेवढंच विचारलं आणि पास झाला म्हणतात. हा संत आईच्या यादीत का नाही ते कळलं असेलच.

संध्याकाळी जपमाळेनंतर वाचन माझ्याकडे. एकदा बोंबलाच्या कालवणाचा वास आला म्हणून मी हुशारी करून स्तोत्र 117 काढलं, दोनच वचनं, अर्ध्या मिनिटात आमेन. दुसऱ्या दिवशी आईने 119 ला खूण घालून ठेवलेली. 176 वचनं. कालवण गार.

आणि 17 डिसेंबरला तर मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ, अब्राहामापासून मरियेचा नवरा योसेफ येईपर्यंत, दरवर्षी. याला तो झाला, त्याला हा झाला, अम्मीनादाब, यहोशाफाट, जीभ नुसती ठेचकाळतेय. जरुब्बाबेलपर्यंत आलो तर आईची मान खाली, माळ मांडीवर. मी हळूच पुस्तक मिटलं, स्वयंपाकघराकडे एक पाऊल टाकलं.

"पुढे वाच," डोळे मिटूनच आई म्हणाली, "योसेफ अजून आला नाही."