चहा बुडवण्याची सोपी कृती

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटरची पदवी घ्यायला गेलात तरी अमेरिकेच्या इतिहासाचे ६ क्रेडिट चुकत नाहीत. अर्धं सेमिस्टर सरलं की निबंधाचं फर्मान येतं: आठ पानं, एक ठोस थीसिस (म्हणजे निबंधातून सिद्ध करायचं मुख्य विधान), प्रत्येक दाव्याला पुरावा. घाबरू नका. 'सविस्तर उत्तरे लिहा'वर वाढलेल्या माणसाला काहीही न म्हणता आठ पानं भरता येतात. फक्त हाताला थोडं वळण हवं.

विषय शक्य तितका ऐसपैस घ्या. 'अमेरिकन राज्यक्रांतीची कारणे' उत्तम. प्राध्यापकांनी फारच ताणलं तर १६ डिसेंबर १७७३ला बोस्टनच्या बंदरात लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बुडवला, ती 'बोस्टन टी पार्टी' तेवढीच धरा, पण त्यापुढे एक पाऊलही आत जाऊ नका.

आता थीसिस स्टेटमेंट. हे घ्या तयार: 'बोस्टन टी पार्टीला राजकीय, आर्थिक आणि सामाजिक अशी अनेक कारणे होती.' यावर खुद्द इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जनंही सही केली असती. विधान पारखायचं कसं, तर ते वाचून एखादा शहाणा माणूस 'मला नाही पटत' म्हणू शकला, तर समजा बिघडलं, खोडा.

बिघडलेल्या विधानाचा नमुनाही बघून ठेवा: 'चहा महागला म्हणून नव्हे, स्वस्त होणार होता म्हणून बुडवला गेला.' दिसायला आकर्षक, पण पेलायला किती जड! १७७३च्या चहा कायद्यानं नवा कर लावलाच नव्हता, पौंडामागे ३ पेन्स हा जुना, १७६७चा, हे आधी दाखवावं लागेल. मग ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली जकात परत मिळाली आणि स्वतःचे अडते नेमून थेट विकायची मुभा मिळाली, ते आलं. त्यामुळे कायदेशीर चहा चोरट्या डच चहाला टक्कर देऊ शकत होता आणि बोस्टनचे बाकीचे व्यापारी बाजूला पडत होते, हेही आलं. वर त्या अडत्यांत बोस्टन ज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. इतकं वाचत बसण्यापेक्षा 'जाचक करांमुळे जनता भडकली' असं लिहून मोकळे व्हा.

एक मोह मात्र कटाक्षानं टाळा. स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही १७७३चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट पाठ केला असेल: कलकत्त्याला गव्हर्नर जनरल, मुंबई-मद्रास त्याच्या देखरेखीखाली. त्याच वर्षी, त्याच संसदेनं, त्याच बुडत्या कंपनीसाठी चहाचा कायदा केला. बंगालचा १७७०चा दुष्काळ, कंपनीचं कर्ज आणि लंडनच्या गोदामांत पडून राहिलेला चिनी चहा हे सगळं एकाच धाग्यात ओवता येतं, आणि वर्गात ते सर्वांत आधी तुम्हालाच दिसायला हवं. पण मग निबंधात नवीन काहीतरी म्हटलं जाईल. तेव्हा भारताचा इतिहास भारताच्या कप्प्यात राहू द्या.

साधनांकडे वळू. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सनं दुसऱ्याच दिवशी, १७ डिसेंबरला, डायरीत या घटनेबद्दल लिहिलं. ते सुटसुटीत आहे, फुकट वाचता येतं, म्हणून सोडून द्या. चहा बुडवणाऱ्यांतला जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ह्ज ह्यूज हा चांभार बघा. त्याच्या आठवणी १८३४-३५मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी छापल्या गेल्या. जहाजाच्या कप्तानाकडे जाऊन त्यानं मालाच्या कोठाराच्या झडपांच्या किल्ल्या आणि डझनभर मेणबत्त्या मागितल्या, हे त्यात आहे. बोस्टनचा बडा व्यापारी आणि पुढारी जॉन हॅनकॉक त्याच्याबरोबर पेट्या फोडत होता असंही आहे, आणि इतिहासकारांना ते पटत नाही. तुम्ही दोन्ही सारख्याच विश्वासानं उतरवा. मेणबत्त्या खऱ्या मानल्या तर हॅनकॉकनं काय घोडं मारलंय? 'टी पार्टी' हे नावही साधारण त्याच सुमाराला रुळलं, १७७३मध्ये लोक 'चहाचा नाश' म्हणत होते. तरी 'बोस्टनवासीयांनी टी पार्टी करायचं ठरवलं' असं बेधडक लिहा.

जुनी वर्तमानपत्रं शोधताना शोधपेटीत आजचं स्पेलिंग टाका. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला एस लांब असतो, स्कॅन वाचणारं यंत्र त्याला एफ समजतं, आणि 'कस्टम्स' तिथे 'कफ्टम्स' होऊन बसलेलं असतं. काही सापडणार नाही. मग 'या विषयावर समकालीन पुरावे उपलब्ध नाहीत' हे वाक्य टाकता येतं, अर्ध्या पानाची सोय झाली.

आकड्यांचा गोंधळ हवाच. बुडालेला चहा ९२,००० पौंडांहून जास्त होता, आणि कंपनीचं नुकसान ९,६५९ पौंड. पहिला पौंड वजनाचा, दुसरा पैशांचा. चहाचं वजन किलोत नेलं तर जवळजवळ ४२ टन होतं आणि वाचणाऱ्याला ते डोळ्यांसमोर आणता येतं, म्हणून तसं करू नका. पेट्या ३४० की ३४२, दोन्ही आकडे छापलेले सापडतात. एका पानावर एक द्या, दुसऱ्यावर दुसरा.

तारखेवर मात्र प्रश्न विचारू नका. चहाचं पहिलं जहाज, डार्टमाउथ, २८ नोव्हेंबरला आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर १७ डिसेंबरला कस्टम्सला माल जप्त करता आला असता. चहा उतरवू द्यायचा नाही, आणि हचिन्सन जहाज परत जाऊ देत नाही. उरली एकच रात्र. इतकं रुक्ष गणित मांडलं की 'जनतेच्या संतापाचा उद्रेक' कुठे बसवणार?

तळटीपा: दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत झालेली डायरी स्वतः वाचल्यासारखी द्या. त्या पुस्तकात पानाचा आकडा चुकला असेल तर तोच आकडा तुमच्याकडे येईल, आणि प्राध्यापकांना तुम्ही काय वाचलंत ते बिनचूक कळेल. तळटीपा एआयकडून बनवून घेणं आणखी सोपं, त्यातली काही पुस्तकं कोणी लिहिलेलीच नसतात.

शेवटी विरोधी पुरावा. चहाची चार जहाजं बोस्टनकडे निघाली होती. चौथं, विल्यम, मॅसॅच्युसेट्समधल्याच केप कॉडला वादळात किनाऱ्याला लागलं. त्यातला बराचसा चहा वाचवला गेला आणि थोडा तिथल्या लोकांनी विकतही घेतला. 'अवघ्या मॅसॅच्युसेट्सनं चहा नाकारला' हे तुमचं सहावं पान त्यावर आपटून फुटतं. विल्यम बोस्टनला पोचलंच नाही. तुमच्या निबंधातही पोचू देऊ नका.