स्नायू झिजताहेत आणि म्हणे डाळ सोडा!

'आतडी शुद्ध करा, हृदय आणि ताकद परत मिळवा' हा मेसेज फॅमिली ग्रुपवरून आत्यापर्यंत पोचला आणि तिने डाळ-अंडं बंद केलं. तिचं हार्टचं पंपिंग आधीच कमी आहे (यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात), म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं असं: हार्ट फेल्युअरमध्ये हातपाय वाळतात ते फक्त आतड्यातल्या वाईट जंतूंमुळे. प्रथिनं सोडा, मीठ घातलेलं ताक दिवसातून चारदा प्या, प्रोबायोटिक (म्हणजे आतड्यासाठी चांगले मानले जाणारे जिवंत जंतू) घ्या, पडून राहा.

सगळ्यात घातक सल्ला प्रथिनं सोडण्याचा. स्नायू बनतात प्रथिनांचे आणि उतारवयात गरज वाढते. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची 'एस्पेन' ही संस्था आजारी वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवते. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला किमान साठ ग्रॅम. मूत्रपिंड अधू असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील, व्हॉट्सअॅप नव्हे. त्यात ही झीज काट्यावर दिसतेच असं नाही. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या झालेल्या, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा, आणि वजन मात्र तेवढंच. स्नायू गेले, त्या जागी पाणी भरलं.

जंतूंचा मुद्दा अगदीच खोटा नाही, एवढं मान्य करावं लागतं. हार्ट फेल्युअरमध्ये आतड्याला सूज येते, जंतूंचे अंश रक्तात उतरतात, दाह वाढतो आणि तो स्नायूंनाही भोवू शकतो. अंड्याच्या बलकातल्या आणि लाल मांसातल्या काही घटकांपासून जंतू जे बनवतात, त्याचं यकृतात टीएमएओ नावाचं रसायन होतं. ते जास्त असलेल्या रुग्णांची प्रकृती जास्त बिघडलेली दिसते. पण तुरीच्या डाळीचा यात काय गुन्हा? आणि जंतू बदलले की हृदय सुधारतं का, हे तपासून झालंय. २०२१ च्या 'गटहार्ट' चाचणीत १५१ रुग्णांपैकी काहींना तीन महिने प्रोबायोटिक यीस्ट दिलं, काहींना आतड्यातल्या जंतूंवरचं अँटिबायोटिक, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. पंपिंगमध्ये फरक पडला नाही.

ताकातलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पायांची सूज आणि रात्रीचा दम त्यानेच वाढतो.

पडून राहिल्याने स्नायू आणखी झपाट्याने जातात. २०२१ मध्येच अमेरिकेत हार्ट फेल्युअरने अॅडमिट झालेल्या साठीपुढच्या ३४९ रुग्णांवर चाचणी झाली. ताकद, तोल आणि चालण्याचा व्यायाम ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांची हालचाल तीन महिन्यांत इतरांपेक्षा स्पष्ट सुधारली. खुर्चीतून उठणं-बसणं हाही त्यातलाच व्यायाम. आत्याच्या डॉक्टरांना विचारायचं आहे ते हे: असा व्यायाम तिला चालेल का?